संगणक अकस्मात् कां बंद पडतो?

सुटे भाग आणून घरच्या घरीं संगणक जुळविण्याची हौस अलीकडे पुष्कळ तरुणांना लागली आहे. हौस चांगली आहे. तयार यंत्र विकत घेणाराला त्याच्या पोटांत काय आहे याचा पत्ता नसतो. जुळविणाराला प्रत्येक स्क्रूची ओळख असते. परंतु या हौशीची कसोटी पाहणारा एक प्रसंग पुष्कळांवर येतो. पैसा पैसा सांठवून उभें केलेलें यंत्र पहिल्या दिवशीं उत्तम चालतें, आणि दुसऱ्या दिवशीं काम ऐन रंगांत आलें असतां पडदा काळा होतो, पंखे थांबतात, दोन तास खपून लिहिलेला मजकूर नाहींसा होतो. कसलीही पूर्वसूचना मिळत नाहीं. मग घाबरून एकामागून एक भाग बदलण्याचा मोह होतो, आणि निर्दोष भागांवर हजारों रुपये खर्ची पडतात.

ही उधळपट्टी टाळावयाची तर एक गोष्ट आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. यंत्र असें एकाएकीं बंद पडतें तें पुष्कळदां स्वतःस वांचविण्यासाठींच. घरांतील फ्यूज वितळतो, तेव्हां फ्यूज हा रोग नसतो. तो रोगाची वर्दी देणारा पहारेकरी असतो. संगणकांतही असे पहारेकरी बसविलेले असतात. कोणत्या पहारेकऱ्यानें दार लावलें हें ओळखणें, ही निदानाची पहिली पायरी होय.

पहिला पहारेकरी प्रोसेसरमध्यें, म्हणजे सारी आंकडेमोड करणाऱ्या चिपमध्यें असतो. काम वाढलें कीं ही चिप तापते. उष्णतामान सुमारें ९५ ते १०० अंश सेंटिग्रेडपर्यंत पोंचलें कीं ती प्रथम आपला वेग कमी करते. तरीही तें चढत राहिलें तर तिच्याकडून इशारा जातो आणि यंत्र तत्क्षणीं बंद होतें. जड काम सुरू केल्यावर कांहीं मिनिटांनीं यंत्र जातें, आणि लगेच पुन्हां चालविल्यास पूर्वीपेक्षां लवकर जातें, असें दिसल्यास संशय उष्णतेवर घ्यावा. नव्या जुळणींत कारण बहुधा क्षुल्लक असतें. उष्णताशोषकाच्या तळाला चिकटविलेली पातळ संरक्षक पट्टी काढावयाची राहिलेली असते, उष्णता वाहून नेणारा लेप लावलेला नसतो, एखादा स्क्रू सैल असतो, किंवा पंख्याची तार जोडावयाचीच विसरलेली असते. बायोसच्या पडद्यावर उष्णतामानाचा आंकडा दिसतो. यंत्र रिकामें असतांही तो भराभर ८० अंशांपलीकडे चढूं लागला, तर हें सर्व तपासल्यावांचून पुढें जाऊं नये.

दुसरा पहारेकरी पॉवर सप्लायच्या पेटींत बसलेला असतो. भिंतींतील २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ व ३.३ व्होल्टच्या रूपानें इतर भागांस पुरविणें हें या पेटीचें काम. मागणी मर्यादेबाहेर गेली अथवा कोठें शॉर्ट सर्किट झालें, कीं ती पुरवठा तोडते. येथें उष्णतेसारखा विलंब नसतो. खेळ सुरू होतो न होतो तोंच यंत्र जातें. ग्राफिक्स कार्डाची मागणी निमिषमात्र नेहमींच्या कितीतरी पट चढूं शकते, आणि म्हणूनच २०२२ सालच्या एटीएक्स ३.० या मानकानें असे झटके सोसण्याची अट पॉवर सप्लायवर घातली. मात्र पेटीस दोष देण्यापूर्वीं जोडण्या पाहाव्या. मदरबोर्डाची चोवीस टोंकांची व प्रोसेसरजवळची आठ टोंकांची जोडणी खटका बसेपर्यंत दाबावी. कार्डाला दोन जोडण्या असतील तर दोन स्वतंत्र तारा द्याव्या. कळ दाबतांच पंखे एखादा फेरा घेऊन थांबत असतील, तर मदरबोर्डाखालीं नको त्या जागीं राहिलेला पितळी टेकू किंवा सांडलेला स्क्रू शोधावा.

कधीं कधीं मात्र पहारेकरी निर्दोष असतात व वीजच दगा देते. भिंतींतील वीज खंडित झाल्यावर पॉवर सप्लाय पूर्ण भारावर फार अल्प काळ तग धरते. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतील सोळा-सतरा भागांइतकाच तो काळ. घरगुती इन्व्हर्टर साध्या मांडणीवर असेल तर त्याला वीज पालटण्यास याहून अधिक वेळ लागतो. सैल एक्स्टेन्शन बोर्डही तोच घात करतो. शिवाय पेटीच्या दर्शनी भागावरील कळ अडकून आंत दबून राहिली, तरीही सुमारें चार सेकंदांनीं यंत्र बंद होतें. कारण कळ धरून ठेवणें हीच त्याला बंद होण्याची आज्ञा आहे.

विंडोज प्रणालींत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नांवाची नोंदवही असते. तींत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद पाहून कित्येक जण पॉवर सप्लाय बिघडली असा निकाल देतात. तें बरोबर नाहीं. मागील खेपेस यंत्र रीतसर बंद झालें नाहीं, एवढाच त्या नोंदीचा अर्थ. १०७४ ही नोंद असेल तर कोणी तरी आज्ञा देऊनच यंत्र बंद केलें असें समजावें. निळा पडदा दिसून यंत्र पुन्हां सुरू होत असेल तर शोधाची दिशा निराळी. तेथें रॅमचा वेग वाढविणारी मांडणी काढून टाकावी व रॅमची चांचणी घ्यावी.

समजा, एका विद्यार्थिनीचें नवें यंत्र वरचेवर बंद पडत आहे. पॉवर सप्लाय परत पाठविण्याची मुदत संपत आली आहे. ती घाई न करितां तीन दिवस वहींत प्रत्येक वेळेची नोंद करते : किती वाजले, कोणतें काम चालू होतें, उष्णतामान किती होतें. नोंदी पाहतां काम कधीं जड, कधीं हलकें. उष्णतामान ६० अंशांखालीं. पण वेळ मात्र सायंकाळीं सातची, म्हणजे घरांतील पाण्याचा पंप सुरू होण्याची. ती यंत्र दुसऱ्या खोलींतील भिंतीच्या सॉकेटला जोडते, बाकी कांहींच बदलत नाहीं. यंत्र बंद पडण्याचें थांबतें. मग जुना एक्स्टेन्शन बोर्ड तपासतां त्याचें एक भोंक करपून काळें झालेलें आढळतें. नवी पेटी आणली असती तर पैसे गेले असते, आणि तो करपलेला बोर्ड टेबलाखालीं तसाच राहिला असता. एखाद्या रात्रीं त्यानें घरास आग लावली असती.

शोध घेतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कोणाचा हें कळत नाहीं. भाग हाताळण्यापूर्वीं प्लग काढावा. मित्राची पॉवर सप्लाय लावून पाहावयाची तर तिच्याच तारा वापराव्या. पेटीकडील टोंकांची रचना प्रत्येकीची निराळी असते, व दुसरीच्या तारांनीं सारें यंत्र जळूं शकतें. आणि पॉवर सप्लायची पेटी कधींही उघडूं नये. तिच्यांतील कपॅसिटरमध्यें जवळजवळ ४०० व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कांहीं काळ टिकून राहूं शकतो.

तात्पर्य, अकस्मात् बंद पडणारें यंत्र कांहीं तरी सांगत असतें. पहारेकऱ्यानें दार लावलें म्हणून त्यालाच बडतर्फ करणें शहाणपणाचें नव्हे. त्यानें बाहेर काय पाहिलें हें आधीं विचारावें. पाकिटांत हात घालण्यापूर्वीं वही उघडावी.