घर उंबऱ्याबाहेरचेही

गृहनिर्माणाच्या अहवालांत घराचे मोजमाप चौरस फुटांत दिलेले असते. प्रशासनाला दुसरा मार्गही नाही. परंतु मराठीत ‘खोली’, ‘बिऱ्हाड’ आणि ‘घर’ हे तीन निराळे शब्द आहेत, ते उगाच नव्हेत.

मुंबईतील बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात तत्कालीन सरकारच्या विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. एवढ्याशा जागेत मोठी कुटुंबे नांदू शकली, कारण त्यांचे निम्मे घर खोलीबाहेर होते. रात्रीचे अंथरूण, मुलांचा अभ्यास, आजारी शेजाऱ्याची विचारपूस ही सारी मधल्या मार्गिकेत आणि पुढच्या पटांगणात होत असत. अर्थात संडासापुढच्या रांगेचे गोडवे कोणी गाऊ नयेत. तो जाच स्त्रियांनी सर्वांत अधिक सोसला.

सिडकोसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूर येथे जी वसाहत आखली, तिच्यात विचाराचा आरंभच अंगणापासून झाला. सात घरांच्या मध्ये सुमारे ८ मीटर लांब व तितकाच रुंद चौक. असे तीन समूह मिळून २१ घरांचा एक मोठा चौक. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, त्यामुळे ऐपतीप्रमाणे घर वाढविता येते. रहिवाशांनी ते वाढविलेही. कित्येक मूळ घरे पाडून नवे मजले चढले. अभ्यासकांना याची हळहळ वाटते. प्रस्तुत लेखकास मात्र ती त्या आराखड्याची कसोटी वाटते, आणि तो तिला उतरला.

वरळीच्या पुनर्विकासात १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ सदनिकांच्या चाव्या देण्यात आल्या. ५०० चौरस फूट जागा आणि स्वतःचे स्वच्छतागृह, हा लाभ थोडा नव्हे. परंतु चाळीस मजली इमारतीत जुन्या मार्गिकेची वारस ठरते ती लिफ्टसमोरची जागा. तेथे दोन वृद्धांना बसता येईल काय, हा प्रश्न नकाशा मंजूर करतानाच विचारावा लागतो.

ग्रामीण घरकुलांचीही गत हीच. आखणीत ओट्यासाठी तीन-चार फूट सोडले नाहीत, तर लोक ते रस्त्यातून घेतात आणि पुढे त्यालाच अतिक्रमण म्हटले जाते.