विसार देण्याआधी : जुनी डिझेल पिकअप घेताना



कांद्याची पट्टी हातात आली किंवा उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरात एक विषय हमखास निघतो. "यंदा गाडी घेऊन टाकू." नवी गाडी आवाक्यात नसते, म्हणून जुनी पिकअप बघायला सुरुवात होते. कुणी तालुक्याच्या गावचा एजंट सुचवतो, कुणी पाहुण्याच्या पाहुण्याची गाडी सांगतो. रविवारी चारजण जाऊन गाडी बघतात. रंग नवा, सीट कव्हर नवे, टेप जोरात वाजतो. तिथल्या तिथे दहा हजार विसार देऊन मंडळी चहा पिऊन घरी येतात.

बैल घेताना आपण असे करत नाही. चाकणच्या किंवा सांगोल्याच्या बाजारात आपण बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, जमले तर जुंपूनही पाहतो. शिंगे रंगवली आहेत म्हणून कुणी जास्त पैसे मोजत नाही. गाडीलाही दात असतात. ते कुठे असतात एवढे माहीत पाहिजे.

आधी घरचा हिशेब

गाडी बघायला जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा बाजार ६० किलोमीटरवर आहे आणि भाड्याची पिकअप एका फेरीचे २,५०० रुपये घेते. आपल्या गाडीने जायचे तर जाऊन-येऊन १२० किलोमीटर होतात. लिटरला १२ किलोमीटर धरले तर १० लिटर डिझेल लागेल, आणि ९० रुपये भावाने त्याचे ९०० रुपये होतील. म्हणजे एका फेरीमागे १,६०० रुपये वाचले. आता दुसरी बाजू बघा. दोन लाख रुपये कर्ज शेकडा १४ टक्क्यांनी काढले तर वर्षाचे व्याज साधारण २८,००० होते. विमा, पासिंग आणि कर मिळून २५,००० धरा. टायर, तेलपाणी आणि दुरुस्तीचे ३०,००० धरा. एकूण ८३,००० झाले. म्हणजे वर्षाला ५२ फेऱ्या झाल्या तर कुठे बरोबरी होते. आठवड्याला एक फेरी, तीही बारा महिने! आणि यात ड्रायव्हरचा पगार धरलेला नाही.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला. पण ज्याचा माल वर्षातून दोन महिनेच निघतो त्याला भाड्याची गाडीच परवडते, हे स्पष्ट सांगितलेले बरे. भाजीपाला, फुले किंवा दूध असा रोजचा माल असेल, किंवा दोघा-तिघा भावकीतल्या लोकांचा माल एकत्र जात असेल, तर पुढचे वाचा.

सकाळी जा, न सांगता जा

डिझेल इंजिनाचा खरा आजार ते थंड असताना कळतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेट घेते. पिस्टनच्या रिंगा व बोअर झिजले की दाब कमी पडतो. गरम इंजिन अशाही स्थितीत चटकन चालू होते, थंड इंजिन मात्र कुरकुर करते. विकणाऱ्याला हे पक्के माहीत असते. म्हणून तुम्ही पोहोचण्याआधीच तो एक चक्कर मारून गाडी गरम करून ठेवतो.

निफाड तालुक्यातल्या आमच्या ओळखीच्या एका कांदा उत्पादकाचे असेच झाले. तीन वेळा गाडी बघितली, तिन्ही वेळा दुपारी, तिन्ही वेळा अर्ध्या चावीवर चालू. दिवाळीनंतर थंडी पडली तशी रोज सकाळी घरची सगळी माणसे गाडीला धक्का मारू लागली. कांदा काढणीला आला तेव्हा इंजिन उघडून मिस्त्रीकडे पडले होते, आणि माल भाड्याच्या गाडीनेच गेला. हप्ता चालू होता तो वेगळाच.

म्हणून सकाळी सहा-सातला जा. आधी बॉनेटवर आणि रेडिएटरवर हात ठेवून बघा. गरम लागले तर "उद्या येतो" म्हणून परत फिरा. थंड असेल तर चावी फिरवा. काही गाड्यांत वेटोळ्या तारेसारखा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबा आणि मग स्टार्टर मारा. दोन-तीन सेकंदांत इंजिन लागले पाहिजे.

आता एकाला सायलेन्सरकडे उभे करा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन मिनिट-दोन मिनिटांत गेला तर काळजी नको. पांढरा धूर जातच नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. नोझल, पंप किंवा एअर फिल्टरचे काम निघेल. कधी ते स्वस्तात भागते, कधी नाही. निळसर धूर सर्वांत वाईट. तो इंजिनाचे तेल जळत असल्याचा असतो, म्हणजे रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो.

मग मिस्त्री लोक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते बघा. इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण काढा आणि त्याच भोकावर उलटे ठेवा. (उपरणे, सैल बाही पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवावी.) झाकण जरा थरथरले, थोडी वाफ आली तर चालते. पण बंबासारखा भकाभका धूर येऊन झाकण उडत असेल, तर दाब रिंगांच्या बाजूने खाली उतरतो आहे. अशा गाडीला हाफ इंजिन तरी करावे लागणारच. त्याचा खर्च आपल्या मिस्त्रीला आधी विचारून ठेवा आणि तेवढा भाव कमी करून मागा, नाहीतर सोडून द्या.

तेलाची काडी काढून बघताना एक लक्षात ठेवा. डिझेल इंजिनाचे तेल काळे असणारच, त्याने बिचकू नका. उलट तेल नवेकोरे आणि काकवीसारखे घट्ट दिसले तर जरूर शंका घ्या. आवाज आणि धूर दाबायला जाड तेल घालण्याची युक्ती जुनी आहे. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. आणि इंजिन धुऊन लख्ख केलेले असेल तर अर्धा तास चालवून पुन्हा बॉनेट उघडा. गळती तेव्हा कळेल.

गाडीने आजवर काय वाहिले?

किलोमीटरच्या काट्यावर विसंबू नये. तो मागे फिरवता येतो, नाहीतर केबल काढून ठेवता येते. दूध किंवा भाजीपाल्याच्या रोजच्या लाइनला दिवसाला २०० किलोमीटर चाललेली गाडी ३०० दिवसांत ६०,००० किलोमीटर जाते. पाच वर्षांच्या गाडीचा काटा ७०,००० दाखवत असेल आणि ब्रेक-क्लचच्या पॅडलचे रबर पार गुळगुळीत झाले असेल, तर कुणावर विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

किलोमीटरपेक्षा गाडीने काय वाहिले हे महत्त्वाचे. वाळू, विटा, खडी वाहिलेली गाडी खालून कळते. गाडीखाली पोते टाकून आडवे व्हा, कपडे मळू द्या. चेसिसला वेल्डिंगचे टाके आहेत का, विशेषतः पाटे जिथे अडकवलेले असतात तिथे आणि केबिनच्या मागच्या बाजूला, ते बॅटरी मारून बघा. कंपनीने दिलेल्या पाट्यांवर जादा पाटे चढवले असतील तर ती गाडी ओव्हरलोड चालली आहे. कोकणातून आणि गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांत मासळीच्या गाडीपासून सावध असावे. मासळीच्या क्रेटमधले खारे पाणी हौद्यातून झिरपून चेसिसपर्यंत जाते आणि वरून रंग मारला तरी आतला गंज खात राहतो. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि हौद्याचे कोपरे हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. लोखंड खणखणीत वाजले पाहिजे.

गाडी चालवायची ती भरून. रिकामी पिकअप म्हणजे जुंपायच्या आधीचा बैल. विकणाऱ्याला सांगा, वीस पोती भरू आणि चढावर नेऊ. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपली. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की गिअर आपोआप निसटत असेल तर गिअरबॉक्सचे काम आहे. पाण्याच्या काट्यावर नजर ठेवा. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून गाडी एका बाजूला खेचते का बघा. मागच्या हाउसिंगमधून गुणगुण येते का तेही ऐका. टायर गोटा झाले असतील तर सहा महिन्यांत नवे टाकावे लागतील, तो खर्च किमतीतच धरा. विकणारा चढावर न्यायला तयार नसेल तर तेच उत्तर समजावे.

इंजिनाचा नियम कोणता हेही बघावे. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बी.एस.-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ लागू झाले. बी.एस.-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असतो. लांब आणि वेगात चाललेल्या गाडीत ती काजळी आपोआप जळून जाते. गावात पाच किलोमीटर डेअरीपर्यंत जायचे आणि परत यायचे, असेच काम असेल तर फिल्टर चोंदतो, दिवा लागतो आणि वर्कशॉपला जावे लागते. तेवढ्याच कामासाठी घ्यायची असेल तर आमच्या मते चांगली राखलेली बी.एस.-४ गाडी बरी.

कागद म्हणजे गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण इतर हक्कात बोजा आहे का पाहतो. आर.सी.वरही बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असतो. तो असेल तर कर्ज फिटल्याचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय व्यवहार पुरा करू नका. आज हे घरबसल्या बघता येते. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, पासिंगची मुदत आणि विम्याची मुदत दिसते. थकलेली ई-चलने वेगळी तपासा. मुलाला किंवा मुलीला मोबाइलवर काढायला सांगा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर आर.सी.शी अक्षर-अक्षर जुळवा.

मालगाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग लागते. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढलेली आहे. आर.सी.वर एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात, त्यांची वजाबाकी करा. समजा २,९६० मधून १,७०० वजा जाता १,२६० उरले, तर ५० किलोची २५ पोती झाली. ४० पोती बसतात म्हणून भरू नयेत. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल तर परवाना लागत नाही, पुढे मात्र लागतो. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मान्य केले आहे.

सर्वांत मोठी चूक नावाच्या बाबतीत होते. एजंट सह्या केलेले कोरे नमुना २९ आणि ३० हातात देतो आणि म्हणतो, "सावकाश करा नावावर." सावकाश करू नका. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. एका गाडीचे असेच हातोहात तीन-चार व्यवहार झाले, नाव पहिल्याचेच राहिले आणि अपघात झाला. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या त्या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नोंदणीत ज्याचे नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे आपली जुनी गाडी विकतानाही हेच ध्यानात ठेवायचे आहे. आणि घेणाऱ्याचे काय? दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, पण पॉलिसीवर आपले नाव चढले नसेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा पैसा अडकतो. विमा कंपनीकडे अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो. मजुरांना हौद्यात बसवून नेऊ नका. मालगाडीतल्या अशा माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, आणि मग भरपाईपोटी शेत विकायची पाळी येते.

म्हणून पैसे दोन टप्प्यांत द्यावेत. विसार थोडा आणि पावतीवर, बँकेतून. पावतीत गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहा. मागची चलने व कर विकणाऱ्याकडे, असेही लिहा. मालकाला, एजंटला नव्हे, बरोबर घेऊन आर.टी.ओ.त अर्ज दाखल करा आणि त्याची पावती हाती आल्यावर उरलेली मोठी रक्कम द्या. परराज्यातली गाडी असेल तर तिकडचे ना हरकत पत्र म्हणजे नमुना २८ आणि इथला कर, दोन्ही धरल्याशिवाय ती स्वस्त आहे असे म्हणू नये.

गाडी दारात आली की पूजा करा, नारळ फोडा, आणि त्याच आठवड्यात इंजिनाचे तेल, तेलाचा फिल्टर, डिझेल फिल्टर आणि पंख्याचा पट्टा बदलून घ्या. आधीच्या मालकाने "परवाच बदलले" असे सांगितले असले तरीसुद्धा. तारीख आणि काट्यावरचा आकडा वहीत लिहून वही गाडीतच ठेवा.