आकड्यांची साक्ष

वहीत खोटा आकडा लिहिला जाऊ शकतो, हे सावकाराच्या व्यवहारात पोळलेल्या कुटुंबाला वेगळे सांगावे लागत नाही. तोच प्रकार मोठ्या कंपनीत घडला, तर फसवल्या गेलेल्यांची संख्या लाखांवर जाते. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या अध्यक्षांनी पत्राद्वारे कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेल्या शिलकीपैकी सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. पुढील तपासात हजारो बनावट बीजके आणि मुदत ठेवींच्या खोट्या पावत्या उघडकीस आल्या. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने दहा आरोपींना दोषी ठरवले. त्यांनी त्याविरुद्ध अपील केले.

अशा प्रकरणांत हिशेबांचा माग काढून तो न्यायालयापुढे मांडणाऱ्या शाखेला न्यायसाहाय्यक लेखाशास्त्र म्हणतात. पूर्वी लेखापाल हजारो नोंदींमधून काही मोजक्या नोंदी नमुन्यादाखल तपासत असे. आता संगणक सर्वच्या सर्व नोंदी वाचतो. एकाच बँक खात्यात कर्मचाऱ्याचा पगार आणि पुरवठादाराचे पैसे जमा होत आहेत काय, पन्नास हजारांवर वरिष्ठांची मंजुरी लागत असताना एकोणपन्नास हजारांचीच देयके वारंवार का निघतात, हे तो क्षणात दाखवतो. आकड्यांच्या स्वभावाचाही उपयोग होतो. निरनिराळ्या लहानमोठ्या रकमांच्या यादीत सुमारे तीस टक्के रकमा १ या अंकाने सुरू होतात आणि ९ ने सुरू होणाऱ्या पाच टक्क्यांहूनही कमी असतात. (सायमन न्यूकोम या शास्त्रज्ञाला १८८१ मध्ये हे सुचले, ते लॉगॅरिदमच्या कोष्टकांची पहिली पाने अधिक मळलेली पाहून!) मनाने रचलेल्या रकमांत हे प्रमाण सहसा साधत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता याच्याही पुढे जाते. जुन्या व्यवहारांवरून नेहमीची रीत कोणती हे ती स्वतःच शिकते आणि रीत सोडून असलेल्या नोंदीवर बोट ठेवते.

परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. रविवारी केलेली नोंद यंत्राला खटकेल. गळीत हंगामात साखर कारखान्याचे कार्यालय रविवारीही चालू असते, हे त्याला कोण सांगणार?

यंत्रावर विसंबण्याची किंमत किती मोठी असते, हे ब्रिटनमध्ये दिसले. तेथील टपाल कार्यालयांत १९९९ पासून ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेबप्रणाली आली आणि अनेक शाखाचालकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. संगणक बरोबरच चालतो, असे तेथील न्यायालये गृहीत धरीत. तो चुकला हे दाखवण्याचा भार आरोपीवर पडे. चोरी आणि खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे घर गेले. फॉरेन्सिक लेखापालांनी २०१३ मध्ये अंतरिम अहवालात प्रणालीतील दोष नोंदवले, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ते मान्य केले आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून उरलेल्या शेकडोंना मुक्त करावे लागले.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात संगणकीय नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडण्याची अट आहे. त्याचा एक भाग नोंद सादर करणारा भरतो, तर दुसऱ्यावर तज्ज्ञाची स्वाक्षरी लागते. त्यात नोंदीचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे जणू तिचा अंगठ्याचा ठसा, नमूद करतात. नोंदीतील एक स्वल्पविराम बदलला तरी हा ठसा बदलतो. अर्थात, नोंद नंतर बदललेली नाही एवढेच त्यावरून कळते. ती मुळात खरी होती की नाही, हे कळत नाही.

त्यासाठी तज्ज्ञाला उलटतपासणीला सामोरे जावे लागते. यंत्राने या नोंदीवर बोट का ठेवले, असे वकिलाने विचारल्यास ‘यंत्राने तसे सांगितले’ हे उत्तर टिकत नाही. म्हणून जाणता लेखापाल यंत्राने निवडलेल्या नोंदींची मूळ बीजके मागवतो, कोणती नोंद का वगळली हे त्याच वेळी लिहून ठेवतो आणि शिलकीची खातरजमा थेट बँकेकडून करून घेतो. सत्यमच्या लेखापरीक्षकांना अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०११ मध्ये दंड केला, त्यामागे शिलकीची अशी खातरजमा न केल्याचाच ठपका होता.