कागदात लपलेला कर्ता

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. दिवसभर शेतात राबलेली मोठी माणसे पाटी-पेन्सिल घेऊन बसली. अक्षरे आली. अंगठ्याऐवजी सही आली. पण एक अडचण उरली, ती आजही पुष्कळांना येते. सरकारी कागद वाचता येतो, पण त्यात कोणी काय करायचे ते उमगत नाही.

असे का होते? आधी आपले रोजचे बोलणे पाहू.

"गडी बैल सोडतो." सोडणारा कोण? गडी. तो कर्ता. सोडायचे कोणाला? बैलाला. बैल हे कर्म. गडी असला तर 'सोडतो', बाई असली तर 'सोडते'. क्रियापद कर्त्याच्या मागून चालते. हा कर्तरी प्रयोग.

आता म्हणा, "गड्यानं बैल सोडला. गड्यानं गाय सोडली." सोडणारा तोच. पण बैलाला 'सोडला' आणि गाईला 'सोडली'. क्रियापद कर्माच्या मागून गेले. हा कर्मणी प्रयोग. हे दोन्ही प्रयोग आपण जन्मापासून बोलतो. नावे ठाऊक नव्हती, एवढेच.

आता तिसरे वाक्य. "बैल सोडण्यात आला." सोडला कुणी? वाक्यात पत्ता नाही! घरात आपण असे बोलत नाही. "भाकरी खाण्यात आली" म्हटले तर पोरे हसतील. ही कचेरीची भाषा. इंग्रजीत अशी वाक्ये फार चालतात. तिथे कर्ता सांगायचा तर 'बाय' हा शब्द लावून मागाहून सांगतात, नाहीतर गाळून टाकतात. हे वळण इंग्रजीवरून मराठीत आले, असे व्याकरणाची पुस्तके सांगतात. त्याला नवीन कर्मणी म्हणतात. कचेरीला ते सोयीचे आहे. साहेब बदलला तरी कागद तसाच चालतो. घोटाळा होतो तो वाचणाऱ्याचा.

समजा, एक बाई साताऱ्याकडची, सांगलीकडे दिलेली. तिचे वडील वारले. माहेरच्या जमिनीला वारसनोंद लागली. बाईला तलाठ्याची नोटीस आली. तीत वारस म्हणून एकट्या भावाचे नाव. खाली लिहिले होते, "फेरफार नोंद करण्यात आली आहे. हरकत असल्यास १५ दिवसांत कळविण्यात यावी."

बाईने नोटीस नीट वाचली. पण तिला वाटले, काय कळवायचे ते तलाठी वर कळवील. ती गप्प राहिली, तर १५ दिवस निघून जातील. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगीही बापाची वारस आहे. तरी तिचे नाव कागदावर येणार नाही.

म्हणून 'करण्यात आली', 'कळविण्यात यावी' असे दिसले की तिथेच थांबावे. "कोणी?" असे विचारावे आणि उत्तर पेन्सिलीने वर लिहावे. नोंद कोणी केली? तलाठ्याने. हरकत कोणी कळवावी? मी! त्या वाक्यात लपलेला कर्ता ती बाईच आहे. तिने हरकत लेखी द्यावी, तारीख घालावी आणि पोच घ्यावी. 

सात-बाराच्या उताऱ्यावरही असेच होते. एखाद्या नावाला कंस पडतो. विचारले तर उत्तर मिळते, "नाव कमी करण्यात आले." अहो, पण कोणी? घाबरू नये. उताऱ्यावर फेरफाराचा नंबर असतो. तो नंबर घेऊन त्या फेरफाराची नक्कल मागावी. वर्दी कोणी दिली, नोंद कोणत्या तारखेला झाली, मंजुरीची सही कोणाची, हे त्या नकलेत सापडते.