पहिला पसंतीक्रम

दहावीचा निकाल लागला म्हणजे सायखेड्यासारख्या गांवांतहि घरोघर एकच वाद सुरू होतो: मुलाचें नांव आतांच एका महाविद्यालयाशीं बांधून टाकावें, कीं थोडें थांबून अधिक चांगल्या जागेची वाट पाहावी? एकत्र कुटुंबांत आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत सर्वांचीं मतें पडतात. ज्याला शिकावयाचें त्याचें मत मात्र बहुधा शेवटीं विचारलें जातें.

पूर्वीं ही अडचण नव्हती, कारण निवडच नव्हती. पुण्यास फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं निघालें. नाशिकास गोखले एज्युकेशन सोसायटीचें महाविद्यालय १९२४ सालीं. तोंपर्यंत आमच्या भागांतील मॅट्रिक झालेल्या मुलानें पुण्यामुंबईची वाट धरावी, नाहीं तर नोकरी शोधावी, एवढाच प्रश्न असे. आज जागा पुष्कळ आहेत, म्हणूनच निश्चय कठीण झाला आहे.

२०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश साऱ्या महाराष्ट्रास लागू झाले. त्या वर्षींच्या नियमाप्रमाणें विद्यार्थ्यानें एक ते दहा महाविद्यालयें पसंतीच्या क्रमानें लिहावयाचीं होतीं. पहिल्या क्रमांकाचें मिळालें तर तेथें प्रवेश घेणें बंधनकारक. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून नांव वगळलें जाई. दुसऱ्या वा त्याखालच्या क्रमांकाचें मिळालें तर तें घ्यावें अथवा पुढील फेरीची वाट पाहावी, ही मोकळीक होती. म्हणजे पहिला क्रमांक लिहिणें हें संकल्पाचें पाणी सोडण्यासारखें आहे. मागाहून हात आखडतां येत नाहीं.

येथें पालक दोन प्रकारें चुकतात. कांहींना वाटतें कीं मोठें कॉलेज वर लिहिलें व तें मिळालें नाहीं, तर खालचेंहि हातचें जाईल. ही भीति निराधार आहे. जागावाटप गुणानुक्रमें होतें. विद्यार्थ्याची पाळी आली कीं त्याच्या यादींत वरून पहिली जी जागा शिल्लक असेल ती त्यास मिळते. दुसरे पालक केवळ नांवाच्या मोहानें शहरांतील प्रसिद्ध संस्था वर लिहितात आणि जागा मिळाल्यावर खोलीभाडें व खाणावळ यांचा हिशेब करूं लागतात. तोंवर परतीची वाट बंद झालेली असते. सायखेड्याहून रोज ये-जा करावयाची, तर पावसाळ्यांत गोदावरी फुगल्यावर काय करावयाचें, हेंहि आधींच पाहिलें पाहिजे.

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढें हाच पेंच अधिक तीव्र रूपानें उभा राहतो. तेथें अनेक विद्यापीठांत नोव्हेंबरच्या आरंभीं ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज करतां येतो व डिसेंबरांत उत्तर मिळतें, पण हा वाङ्निश्चयच होय. प्रवेश मिळाला कीं इतर अर्ज मागें घ्यावे लागतात. मिळणारें अर्थसाहाय्य अपुरें ठरलें तर सुटका होऊं शकते. परंतु निरनिराळ्या संस्थांचें साहाय्य ताडून पाहण्याची संधि जाते. अशा घाईचा लाभ सधनांसच अधिक, हा आक्षेप मानून हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनीं २००६ सालीं लवकरचे प्रवेश बंद करण्याचें जाहीर केलें. २०११ सालीं त्यांनीं ते पुन्हा सुरू केले, मात्र बंधनाशिवाय.

आमच्या मतें नियम सोपा आहे. मागाहून दुसरें कांहींहि चालून आलें तरी मन फिरणार नाहीं, अशीच संस्था पहिली लिहावी. तत्पूर्वीं दोन वर्षांचा एकूण खर्च, रोजचा प्रवास आणि तेथें मिळणारे विषय या तीन गोष्टी कागदावर मांडाव्या. मग मुलाला एकट्याला जवळ बसवून विचारावें. भरल्या घरांत तो थोरल्यांच्या शब्दाला ‘हो’च म्हणणार. मुलगी असली तर ‘जवळचें बरें’ हा निर्णय पुष्कळदां तिच्या अपरोक्ष झालेला असतो. तोहि पहिल्या क्रमांकाइतकाच बंधनकारक ठरतो, हें घरांतील वडील मंडळींनीं विसरूं नये.