आधी झाकण, मग तलाव

फिनिक्सच्या विमानतळावर उतरताना खिडकीतून खाली पाहिलं की तपकिरी वाळवंटात निळे ठिपके सांडल्यासारखे दिसतात. ते सगळे घरामागचे पोहण्याचे तलाव. आपल्याकडे घरात स्विमिंग पूल म्हणजे सिनेमातल्या खलनायकाची श्रीमंती. इथे ॲरिझोनात मात्र जून-जुलैत पारा ४३-४५ अंशांवर जातो, दुपारी मुलांना अंगणात सोडता येत नाही, आणि मग तलाव ही चैन कमी आणि कूलरचा मोठा भाऊ जास्त वाटायला लागतो. चँडलर, गिल्बर्ट भागात घर घेतलेल्या मराठी माणसाचा पहिला उन्हाळा सरला की मंडळाच्या गणपतीत प्रश्न ठरलेला, "आम्हीपण पूल करावा म्हणतोय. कुठला चांगला?"

(घरामागे पूल बांधतोय असं फोनवर सांगितल्यावर माझ्या बाबांनी विचारलं होतं, "कुठल्या ओढ्यावर?" त्यामुळे या लेखात मी तलावच म्हणणार.)

गेल्या वर्षी आमचा तलाव झाला. त्याआधी आठ महिने आम्ही दोघं नवरा-बायको कोटेशनं, एक्सेल आणि भांडणं यात होतो. त्या अभ्यासाचा उपयोग दुसऱ्या कुणाला व्हावा म्हणून हे लिहितोय.

जमिनीतल्या तलावांचे इकडे मुख्य प्रकार तीन. पहिला गनाइट, म्हणजे काँक्रीटचा. खड्डा खणायचा, त्यात सळ्यांची जाळी बांधायची आणि पाइपाच्या नळीतून दाबाने काँक्रीट फवारायचं. आकार हवा तो, खोली हवी ती, पायऱ्या हव्या तिथे. वरून प्लास्टर किंवा बारीक खड्यांचा थर. फिनिक्स भागात बहुतेक तलाव याच जातीचे. वेळ लागतो, दोन ते चार महिने सहज. प्लास्टर साधारण दहा-बारा वर्षांनी पुन्हा करावं लागतं, खड्यांचा थर त्याहून जास्त टिकतो. काँक्रीटचा पृष्ठभाग खरखरीत आणि सच्छिद्र असल्यामुळे शेवाळ धरायला त्याला आवडतं, म्हणजे ब्रश मारणं आलं.

दुसरा फायबरग्लासचा. हा कारखान्यात एकाच अखंड भांड्यासारखा तयार होऊन ट्रकवर झोपून येतो. म्हणूनच त्याची रुंदी साधारण १६ फुटांच्या पुढे जात नाही. तलावाचं माप इथे रस्ता ठरवतो, ही गोष्ट मला फार आवडली. क्रेनने उचलून खड्ड्यात ठेवायचा, भोवती खडी भरायची, जोडण्या करायच्या. काम झटपट होतं. आतून गुळगुळीत, मुलांचे तळपाय सोलत नाहीत, रसायनंही कमी लागतात. पण कॅटलॉगमधले आकार तेवढेच आपले. आणि क्रेनला वाट पाहिजे. आमच्या घराच्या बाजूची बोळ पाच फुटांची. म्हणजे अख्खं भांडं छपरावरून उचलून मागे न्यायचं. मोठी क्रेन, तिचा वेगळा खर्च आणि वर विजेच्या तारा. तिथे हा प्रकार आमच्यापुरता बाद झाला. तुमच्या मागच्या अंगणाला रुंद फाटक असेल तर तुम्ही तो बाद करू नका.

तिसरा व्हिनाइलचा. पोलादी किंवा प्लास्टिकच्या भिंती उभ्या करून आत जाड व्हिनाइलचं अस्तर ताणायचं. सुरुवातीला सगळ्यात स्वस्त. अस्तर सात ते दहा वर्षांत बदलावं लागतं, कुत्र्याच्या नखांनी फाटू शकतं. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्सकडे जमीन गोठते-वितळते तिथे हा पुष्कळ दिसतो, कारण अस्तर थोडं हलतं, तडकत नाही. आमच्याकडच्या उन्हात त्याला फारसं कुणी विचारत नाही.

याखेरीज जमिनीच्या वर उभे करायचे तलाव असतात, चार-सव्वाचार फूट उंच भिंतींचे. आणि गुरांना पाणी पाजायचं जस्ताचं गोल टाकं आणून त्यात डुंबणारे हौशीही आहेत. आठ फूट व्यास, दोन फूट खोल, पंपाचं छोटं यंत्र जोडलं की झालं. बायकोने हा पर्याय गंभीरपणे मांडला होता. आजही एखाद्या महिन्याचं वीजबिल आलं की ती त्याची आठवण करून देते.

सेल्समन लोक आणखी एक 'प्रकार' विकतात: खाऱ्या पाण्याचा तलाव, "क्लोरीन नाही बरं का." हे खरं नाही. त्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन तिथल्या तिथेच तयार करतात, एवढंच. मीठ समुद्राच्या साधारण दहावा हिस्सा. डोळे कमी चुरचुरतात, क्लोरीनचे डबे आणावे लागत नाहीत. पण तो तलावाचा प्रकार नव्हे, जंतू मारायची पद्धत आहे आणि वरच्या तिन्हींना जोडता येते.

इथवर कुठलाही कंत्राटदार सांगेल. तो जे आपणहून सांगत नाही ते पाण्याचं.

माझं गाव लातूरजवळ. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मी इथे नुकताच नोकरीला लागलो होतो आणि फोनवर रोज टँकरच्याच गप्पा. त्या गावच्या माणसाने वाळवंटात खड्डा खणून त्यात पिण्याचं पाणी भरावं का, हा प्रश्न आमच्या घरात नुसता तोंडी लावण्यापुरता नव्हता. इथलं पाणीही काही आभाळातून पडत नाही. त्यातला मोठा भाग कोलोरॅडो नदीचा, ३३६ मैलांच्या कालव्यातून चढवून आणलेला. २०२१च्या ऑगस्टमध्ये त्या नदीवर इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ सालासाठी ॲरिझोनाच्या वाट्यातलं साधारण १८ टक्के पाणी कापलं गेलं. त्याचा फटका मुख्यतः पिनाल काउंटीतल्या शेतकऱ्यांना बसला. शेतकऱ्याचं पाणी आधी कापलं जातं, हे वाचताना गाव फार लांब वाटलं नाही.

मग मी हिशोब मांडला. फिनिक्समध्ये उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने वर्षाला सुमारे सहा फूट उतरते. पहिल्या कोटेशनमधला तलाव १५ बाय ३० फुटांचा होता. त्यातून वर्षाला साधारण ७६ हजार लिटर पाणी हवेत जाईल. १२ हजार लिटरचा एक टँकर धरला तर सहा टँकरच्या वर. तोच तलाव १२ बाय २४ केला तर ४९ हजार, चार टँकर. इथे खोलीचा काही संबंध नाही. पाणी पृष्ठभागावरून उडतं, म्हणून आधी लांबी-रुंदी आवरायची. आणि वर झाकण घातलं तर? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या म्हणण्याप्रमाणे झाकणाने वरून भरायच्या पाण्यात ३० ते ५० टक्के बचत होते. शिवाय रसायनं कमी लागतात, धूळ पडत नाही. आमच्याकडे जुलैत धुळीची वादळं येतात, तेव्हा हे लहान काम नाही.

झाकणाचा विचार असा पाण्यापासून सुरू झाला. तो पक्का केला तो मात्र बाबांनी. कंत्राटदाराने संगणकावर काढलेलं चित्र त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. निळंशार पाणी, कडेला धबधबा, खुर्च्या. त्यांचा उलट फोन. "छान आहे. कठडा कुठंय?"

बाबा विहिरीत पोहायला शिकलेले, पाठीला हवाबंद डबा बांधून. बिनकठड्याच्या विहिरींनी गावात काय केलंय ते त्यांनी पाहिलंय. त्या चित्रात खरोखरच कठडा नव्हता. चित्रं सुंदर दिसावीत म्हणून कुंपण काढतच नाहीत. आमची मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बुडणं हे आहे, आणि या वयाची मुलं सर्वात जास्त बुडतात ती पोहण्याच्या तलावात. आरडाओरडा होत नाही, पाणी उडत नाही. स्वयंपाकघरात फोडणी होईपर्यंत सगळं संपलेलं असू शकतं.

ॲरिझोनाचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर तलावाभोवती किमान पाच फूट उंच अडसर लागतो. फाटक तलावाच्या उलट दिशेला उघडणारं, आपोआप बंद होणारं, त्याची कडी जमिनीपासून ५४ इंचांवर. घराची भिंतच एका बाजूचं कुंपण असेल, म्हणजे मागचं दार थेट तलावाकडे उघडत असेल, तर मधे आणखी काहीतरी लागतं. त्यासाठीच्या मान्य पर्यायांत किल्लीने चालणारं मोटारीचं सुरक्षा झाकण येतं. शहरांचे नियम आणखी वेगळे असतात, ते तपासून घ्या. हा कायदा १८ इंचांहून खोल आणि ८ फुटांहून रुंद पाण्याला लागू होतो. बायकोचं आठ फुटी टाकं बहुधा त्यातून सुटलं असतं. पण दोन फूट पाणी साडेतीन वर्षांच्या मुलीला पुरेसं असतं, त्यामुळे टाक्याचा विषय तिनेच बंद केला.

झाकण म्हणजे कुठलंही नव्हे, हे नीट लक्षात घ्या. दुकानात दीडशे डॉलरला मिळणारं फुगेवालं निळं प्लास्टिक पाणी आणि उष्णता राखतं, मूल राखत नाही. उलट मूल त्याच्याखाली गुरफटतं आणि वरून दिसतही नाही. खरं सुरक्षा झाकण कडेच्या रुळांत बसतं आणि त्यावर ४८५ पौंड, म्हणजे सुमारे २२० किलो वजन पेललं पाहिजे, असं त्याचं मानक आहे. दोन मोठी माणसं आणि त्यांच्याबरोबर एक मूल, असा त्यामागचा हिशोब. पडलेल्याला काढायला कुणीतरी धावणार, हे त्यात धरलेलं आहे.

आता गंमत बघा. असं झाकण नीट चालायला तलाव सरळ चौकोनी लागतो. रूळ समांतर हवेत. म्हणजे घेवड्याच्या आकाराचा तलाव गेला, कडेचा दगडी धबधबा गेला. झाकण गुंडाळायला एका टोकाला पेटी लागते, तिची जागा खणण्याआधीच ठरवावी लागते. नंतर बसवायचं म्हटलं तर रूळ वरून दिसतात, अडखळायला होतं आणि खर्चही वाढतो. म्हणून माझं प्रत्येकाला सांगणं असतं, आधी झाकण ठरवा, मग भांडं. प्रकाराचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

आम्ही शेवटी गनाइटचा, १२ बाय २४चा, साधा चौकोनी तलाव केला. साडेतीन फुटांपासून पाच फुटांपर्यंत उतार. खोल टोक नाहीच, सूर मारणारं घरात कुणी नाही. एका बाजूला पूर्ण लांबीचा बाक, आईला पाण्यात पाय सोडून बसायला. पायऱ्या रुंद, धरायला दांडा. मोटारीच्या झाकणाचे १५ हजार डॉलर कोटेशनमध्ये पाहिल्यावर छातीत धस्स झालं, पण लहान आकार आणि रद्द केलेला धबधबा यातून बरेचसे वळते झाले.

कंत्राटावर सही करण्यापूर्वी एक कलम वाचा. आमच्या जमिनीत कॅलिची नावाचा चुनखडीचा दगडासारखा थर लागतो. तो लागला की फोडायचं यंत्र तासाच्या भाड्याने येतं आणि ते तुमच्या खिशातून, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आम्ही त्याची कमाल रक्कम आधीच लिहून घेतली. पंपाचा वेग बदलता येतो ना तेही बघा. वेग निम्मा केला तर पाणी निम्मं वाहतं, पण वीज तत्त्वतः आठवा हिस्साच लागते. इंजिनीअरला याहून गोड आकडा नाही. आमचा पंप रात्रभर हळूहळू चालतो.

झाकणाचा एक तोटाही सांगतो. भर उन्हाळ्यात ते लावून ठेवलं तर पाणी चहासारखं गरम होतं. मग मुलगी झोपल्यावर, मागच्या दाराची वरची कडी लावून, काही तास उघडं ठेवावं लागतं, म्हणजे थोडं पाणी उडून बाकीचं गार होतं. त्या तासांचे लिटर मी अजून मोजतोय.

मुलीचे पोहण्याचे धडे शनिवारी चालू आहेत. डबा नाही, फुगे नाहीत, आधी पाठीवर तरंगायला शिकवतात. आई-बाबा फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी येताहेत. बाबांना पहिल्याच दिवशी उतरायचंय. त्यांना सांगून ठेवलंय, फेब्रुवारीत इथलं पाणी आपल्या विहिरीपेक्षा कितीतरी गार असतं, आणि झाकणाची किल्ली सुनेकडे असते.