सुटायला हवा असा पेच

ग्वाल्हेरला महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर १९८५ साली मिराज-२००० लढाऊ विमानं आली. तेव्हापासून शहरातल्या इंदरगंजातल्या माणसाला विमान म्हणजे कानठळ्या बसवत जाणारा आवाज. पण विमान घरीही बांधतात. मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. फेब्रुवारी २०१६मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं आणि नोव्हेंबर २०१७मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. ते धातूचं. पत्र्याला नट रिव्हेटने सरळ जखडता येतो. फोम आणि काचेच्या कापडाच्या विमानात तो कशाला जखडायचा, हा खरा पेच.

बर्ट रुतान यांच्या १९७५च्या व्हेरीइझी विमानाने ही पद्धत घरोघरच्या कारागिरांपर्यंत नेली : फोम कापून आकार द्यायचा, वर काचेचं कापड अंथरून इपॉक्सी मुरवायचं. आपल्याकडची हंसा, बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची, २३ नोव्हेंबर १९९३ला उडाली, तीही कंपोझिटचीच.

अशा विमानाची उपकरण-फळी फोमची असेल, तर आरपार बोल्ट घालून आवळताच आतला फोम चिरडतो आणि पकड जाते. म्हणून आधी भोक पाडायचं, वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून भोकाभोवतीचा फोम आतून कोरायचा, त्या पोकळीत इपॉक्सी आणि कापसाच्या बारीक तंतूंची लुगदी भरायची. ती दगडासारखी झाली की त्यातून नवं भोक. हा वाकडा खिळा मला फार आवडतो. याहून नेमकं हत्यार या कामाला सुचत नाही.

दुसरी अडचण हाताची. धड बंद झालं की फळीमागे बोटं पोचत नाहीत, म्हणून नट तिथेच कायमचा बसायला हवा. तयार नटप्लेट हाताशी नसेल, तर पितळेच्या पट्टीवर नट सोल्डर करतात आणि पट्टीला दोन बारीक भोकं पाडतात. लुगदी त्या भोकांतून वर येऊन घट्ट होते. पाना फिरला तरी नट फिरत नाही. आट्यांत इपॉक्सी शिरू नये म्हणून नटाचं मागचं तोंड मातीने बुजवायचं, पेचाला मेण फासायचं. पट्टी आधी खरवडून, पुसून घ्यायची. तेलकट बोटाचा एक ठसा पुढे सगळी पकड सोडवतो.

होकायंत्राजवळ पेच पितळेचेच. शंका असेल तर पेच हळूच होकायंत्राजवळ न्यायचा. काटा हलला की तो पेच बाद. कार्बनच्या कापडाला ॲल्युमिनियम थेट लावू नये, धातू गंजतो. मध्ये काचेच्या कापडाचा थर हवा.

हे जुगाड फळीपुरतंच. इंजिनाचे, नियंत्रण-दांड्यांचे, आसनपट्ट्याचे बोल्ट विमानाच्या दर्जाचेच घ्यावेत, त्यात हातचलाखी नको. फळीलाही हलकं समजू नये : गुरुत्वाच्या ३.८ पट भाराला सहा किलोची फळी जवळपास तेवीस किलोंची होऊन त्या नटांना ओढते.

आणि काही वर्षांनी उंचीमापक तपासणीला काढायचा असतो. ३⅛ इंचांच्या भोकातून तो बाहेर यायला हवा. समोरून पाना लावायचा, पेच फिरतो, मागचा नट जागचा हलत नाही.